पातेलं पुसणे : एकक नाही

प्रशिक्षणात आम्हाला एकेक कापडी पिशवी मिळाली.
मार्गदर्शिका, पेन्सिल, खोडरबर,
आणि स्टीलची वाटी, दीडशे मिलीची,
बुडाला ठोकलेला नंबर : सतरा.
होटगी रोडच्या त्या सभागृहात पंखा
गरम हवा तेवढी सगळ्यांना सारखी वाटत होता.

कोठावळे मॅडम म्हणाल्या,
पोषणाचे वर्ग सहा महिने झाले,
आता शिकवलेलं किती मुरलं ते मोजायचं.
लोणच्याचं विचारावं तसं म्हणाल्या, मुरलं.
उत्तर सुचवायचं नाही.
मान डोलवायची नाही.
विचारून झालं की गप्प बसायचं.
गप्प बसणं हेही साधन आहे, पान बावीस.

कुंभारीचं विडी घरकुल, सकाळचे दहा,
पत्रा तापायला लागलेला.
पोचव्वा बिंगी, वय अंदाजे पंचावन्न,
मांडीवर सूप, सुपात तंबाखू,
ओल्या फडक्यात पानं.
लोह कशात असतं?
हात न थांबवता तिनं घडाघडा सांगितलं :
शेपू, हळीव, गूळ, बाजरी,
वर लिंबू पिळायचं,
जेवल्या जेवल्या चहा नाही घ्यायचा.
दहापैकी दहा.
मी मान डोलावली नाही.
मान दुखली त्यानं.

काल दिवसभरात काय खाल्लं?
मोठ्याच्या डब्यात दोन भाकरी, शेंगाची चटणी.
मालकांना भात, पप्पू.
नातीला अर्धं अंडं,
अर्धं तिच्या भावाला, ते रडत होतं.
आणि तुम्ही?
मी गप्प. पान बावीस.
कात्री चालली. एक पान. दुसरं.
पंचवीस झाल्या, दोरा बांधून झाला.
मग म्हणाली, मी पातेलं पुसून घेतलं.

किती वाट्या?
वाटी कशाला लागती? भाकरी फिरवायची आतून.

रकान्यांत होतं : वाटी, अर्धी वाटी, पळी, चमचा.
मी पिशवीतून सतरा नंबर काढून पुढे केली.
तिनं ती हातात घेतली, कड दोन बोटांत दाबून बघितली.
आमचा बी रोज तपास असतो, म्हणाली,
मास्तर असाच दाबून बघतो, छाट काढतो,
हजार वळल्या तर साडेनऊशे धरतो.
तुमच्यात छाट कशाची काढतात?

मी गप्पच राहिले.
ह्या वेळी ते साधन नव्हतं.

संध्याकाळी फोन केला.
मॅडम म्हणाल्या, पाव वाटी धरा,
सगळेच धरतात.

रात्री आमच्यात शेंगाकुटाची आमटी होती.
सगळे जेवून उठल्यावर
चतकोर भाकरी काट्यावर ठेवली : अडतीस ग्रॅम.
पातेल्यातून फिरवली, तळाला, कडेला,
काठाखाली साय धरते तिथंही,
परत ठेवली : एकोणपन्नास.
दुसऱ्या रात्री दहा. तिसऱ्या रात्री बारा.
पोरगा म्हणाला, आई, हे काय चाललंय?
तपास, म्हटलं.
तो चतकोर उभ्यानंच खाल्ला.
तळाचं फार खारट असतं,
हे मला आधी माहीत होतं का, आठवेना.

फॉर्मच्या समासात पेन्सिलीनं लिहिलं :
पातेलं पुसणे = अकरा ग्रॅम (आमटी).
डाळ वेगळी मोजावी लागेल.
फॉर्म परत आला.
अकराभोवती लाल गोल, शेजारी शेरा : एकक नाही.
खोडरबर दिलेलंच होतं. मी वापरलं नाही.

साहित्य परत करताना पिशवीत वाटी नव्हती.
हरवली असं लिहून दिलं.
मानधनातून साठ रुपये कापले.

परवा दुसऱ्या फेरीला गेले तेव्हा
सतरा नंबरमध्ये दोऱ्याच्या रिळी होत्या,
तीन, आणि एक अर्धी.
पोचव्वानं माझ्याकडं बघितलं.
मी काही सुचवलं नाही.